अर्ध्या सत्तेचं काय केलं? मुंबई कायदे कौन्सिल, १९२१ ते १९३७

दप्तरखाना

१९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा निकाल आपण दोन वाक्यांत लावून मोकळे होतो. द्विदल राज्यपद्धती, म्हणजे प्रांताची काही खाती गव्हर्नरकडे आणि काही आपल्या मंत्र्यांकडे, आली, ती फसवी निघाली. पुढचं पान थेट असहकाराचं. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलाबद्दल मिळेल ते वाचत असतो, आणि जितकं वाचतो तितका हा निकाल मला अपुरा वाटतो. म्हणून हा धागा. मतभेद असतील तर जरूर मांडा, त्यासाठीच लिहितोय.

आधी मागचं थोडं. १८६१ च्या कायद्याने मुंबईत कायदे कौन्सिल आलं, १८६२ मध्ये नाना शंकरशेट त्यात नेमले गेले. नेमणूक सरकारची आणि बहुमतही सरकारचंच. १८९२ च्या कायद्याने म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डं, युनिव्हर्सिटी यांच्यामार्फत आडवळणाने निवडून जायची सोय झाली. प्रश्न विचारता येऊ लागले, अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागलं, पण त्यावर मत देता येत नसे. फिरोजशहा मेहता तिथे होते, १८९५ मध्ये टिळक गेले, नंतर गोखले. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीला विरोध करून फिरोजशहा, गोखले आणि त्यांचे सहकारी सभा सोडून बाहेर पडले. विधेयक तरीही मंजूर झालं. १९११ मध्ये गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. हा आकडा वाचताना मला दर वेळी त्रास होतो. देशातली सगळ्यात तयारीची माणसं अभ्यास करकरून तिथे जात होती आणि निर्णय आधीच झालेला असायचा.

मग महायुद्ध, १९१६ चे होमरूल लीग, लखनौ करार, आणि या सगळ्या रेट्यातून २० ऑगस्ट १९१७ ची भारतमंत्री माँटेग्यूची घोषणा. हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणायची हे धोरण म्हणून मान्य झालं. टप्पा कधी आणि केवढा हे मात्र पार्लमेंट ठरवणार.

१९१९ च्या कायद्याने प्रांताचा कारभार दोन भागांत विभागला. अर्थ, जमीन महसूल, पोलीस, न्याय, तुरुंग, पाटबंधारे ही राखीव खाती. ती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. शिक्षण, स्थानिक स्वराज्य, आरोग्य, शेती, सहकार, अबकारी ही सोपीव खाती. ती कौन्सिलला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे. मुंबईत जंगल खातंही सोपीव होतं. शाळा काढायचा अधिकार मंत्र्याचा, पण तिजोरीची किल्ली राखीव बाजूकडे. नव्या कौन्सिलात ११४ सभासद, त्यातले ८६ निवडून आलेले. पहिल्या मंत्र्यांत रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री झाले, सोबत चुनीलाल मेहता आणि गुलाम हुसेन हिदायतुल्ला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी याच कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला: सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. ११ सप्टेंबरला सरकारने खातेप्रमुखांना त्याप्रमाणे आदेश काढले. ज्या कौन्सिलवर काँग्रेसने बहिष्कार घातला होता, ज्याला आपण आजही नाममात्र म्हणतो, त्याच्याच दप्तरात हा ठराव आहे.

माझं म्हणणं एवढंच, की सत्ता अर्धी होती हे खरं, पण ती अर्धी सत्ता कोणाच्या हाती पडली आणि त्याने तिचं काय केलं, हे वेगळं तपासलं पाहिजे. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच नाही.

कोकणवारा

विषय जिव्हाळ्याचा आहे, कारण आमचं मूळ गाव महाडच्या बाजूचं. बोले ठरावाचं महत्त्व मान्य. पण तुम्ही ठरावापाशी थांबलात, खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

जानेवारी १९२४ मध्ये महाड म्युनिसिपालिटीने चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. तीन वर्षं एकाही अस्पृश्याला त्या तळ्यावर पाणी भरता आलं नाही. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोल्यांना पुन्हा कौन्सिलात उभं राहावं लागलं: ज्या म्युनिसिपालिट्या आणि बोर्डं ठराव पाळत नाहीत त्यांचं अनुदान थांबवा. तरी हललं काही नाही. शेवटी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या समुदायासह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. लोक परतत असताना त्यांच्यावर हल्ले झाले. ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होत असताना, म्युनिसिपालिटीने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रहाआधी कोर्टाचा मनाईहुकूम आला. हायकोर्टाचा अंतिम निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. ठराव १९२३ चा आणि न्याय १९३७ चा.

मग कौन्सिलने काय दिलं? मला वाटतं, लोकांनी पायाने चालत जाऊन जे मिळवलं त्याचं श्रेय सभागृहाला देणं बरोबर नाही.

दप्तरखाना

@कोकणवारा, तारखा इतक्या नेमकेपणाने मांडल्यात, त्याबद्दल आभार. श्रेय सभागृहाला द्यावं असं मी म्हणत नाही. पण महाडच्या परिषदेत तळ्यावर जायचं ठरलं ते कोणत्या आधारावर, ते बघा. आम्ही नवा हक्क मागत नाही, सरकारने आणि म्युनिसिपालिटीने जो मान्य केलाय तोच बजावतोय, ही सत्याग्रहींची भूमिका होती. ठराव नसता तरी माणूस म्हणून त्यांचा हक्क तितकाच खरा होता. पण ठरावामुळे विरोधकांना ‘परंपरा’ म्हणून सुटका उरली नाही, त्यांना कोर्टात जाऊन तळं खाजगी असल्याचं सिद्ध करावं लागलं आणि ते त्यांना जमलं नाही. कागद एकटा निरुपयोगी ठरला हे तुम्ही दाखवलंतच. पण त्या कागदावाचून कोर्टातली दहा वर्षांची लढत अधिक अवघड झाली असती असं मला वाटतं.

आणि बोले हे भंडारी समाजातले, मुंबईच्या कामगारांत काम केलेले. १८९५ च्या कौन्सिलात असा माणूस पोचणं शक्य होतं का?

सई ठाणे

वाचतेय. मतदार कोण होते? म्हणजे सामान्य माणसाला मत होतं का? आणि बायकांना?

दप्तरखाना

@सई, फार थोड्यांना. खेड्यात साधारण ३२ रुपये शेतसाऱ्याची जमीन असेल तर मत. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात जमिनी लहान म्हणून ही अट १६ रुपये होती. शहरात घरभाड्यावर किंवा प्राप्तिकरावर. लष्करातून निवृत्त झालेल्यांना मात्र मालमत्तेची अट न लावता मत होतं. देशभरचा हिशेब केला तर लोकसंख्येच्या तीन टक्क्यांच्या आसपास.

बायकांचा निर्णय पार्लमेंटने घेतला नाही, प्रांतांवर सोपवला. मद्रासपाठोपाठ मुंबई कौन्सिलने १९२१ मध्येच स्त्रियांवरची मताधिकाराची बंदी उठवली. मालमत्तेची अट कायम राहिल्याने संख्येने फारच कमी बायकांना मत मिळालं, पण निर्णय इथल्याच सभासदांनी घेतला.

सोलापूरकर

मला या धाग्याचा रोख पटत नाही, स्पष्ट सांगतो.

मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. रस्त्यावर गोळीबार झाला, गांधी टोपी घातली म्हणून लोकांना शिक्षा झाल्या. १२ जानेवारी १९३१ ला मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. त्या वेळी मुंबईत मंत्री होते, कौन्सिल होतं. कोणाला विचारलं? कोणालाच नाही, कारण पोलीस, न्याय आणि तुरुंग ही तिन्ही खाती राखीव. ज्या राज्यात माणसाला फासावर चढवायचा अधिकार परक्याकडे आणि गावचा दवाखाना काढायचा अधिकार आपल्याकडे, त्याला मी अर्धी सत्ता म्हणणार नाही. चतकोरसुद्धा नाही.

दुसरं, या सुधारणांनी समाजाची वाटणी पक्की केली. १९०९ मध्ये मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ, १९१९ मध्ये ते कायम आणि वर मुंबईत मराठा व तत्सम जातींसाठी सात राखीव जागा. देताना तुकडे करूनच दिलं. आमच्याकडे हुतात्मा चौकात चौघांची आठवण दर वर्षी जागवतात. कौन्सिलातल्या एकाही सभासदाची जागवत नाहीत, आणि त्याला कारण आहे.

कोकणवारा

@सोलापूरकर, सोलापूरबद्दल तुमचं शब्दन् शब्द मान्य. चार हुतात्म्यांच्या बाबतीत दुमत असूच शकत नाही.

पण राखीव जागांवर अडतो. स्वतंत्र मतदारसंघ आणि राखीव जागा यांत फरक आहे. त्या सात जागांवर मत सगळेच देत होते, फक्त निवडून येणारा त्या गटातला असायचा. आणि मराठा, कुणबी, माळी, भंडारी ही इलाख्यातली बहुसंख्य माणसं असूनही त्यांना राखीव जागा का लागल्या? कारण पंचवीस-तीस वर्षं निवडणूक युनिव्हर्सिटी आणि म्युनिसिपालिटीच्या वर्तुळात फिरत राहिली. तुकडे इंग्रजांनी पाडले नाहीत. ते आधीचेच होते, इंग्रजांनी त्यांचा फायदा घेतला. १९२४ मध्ये भास्करराव जाधव मंत्री झाले, शाहू महाराजांच्या राज्यात घडलेले सत्यशोधक. ही घटना आमच्या आजोबांच्या पिढीला केवढी मोठी वाटली असेल!

आणि अस्पृश्यांना काय? १९२१ मध्ये ११४ मध्ये एक नेमलेला सभासद, ज्ञानदेव घोलप. एक!

वऱ्हाडकर

मुंबईचंच चाललंय, म्हणून नागपूरकडचं सांगतो. मध्य प्रांत-वऱ्हाडात हा प्रयोग वेगळ्याच रीतीने संपला.

१९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला तिथे स्पष्ट बहुमत मिळालं. देशबंधू दास आणि मोतीलाल नेहरूंचा बेत होता आत जाऊन कारभार बंद पाडायचा, आणि तो सगळ्यात चोख नागपूरला पार पडला. १९२४ मध्ये कौन्सिलने अंदाजपत्रक फेटाळलं आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये केला. मंत्री गेले. पण मग झालं काय? गव्हर्नरने सोपीव खातीही स्वतःकडे घेतली. कारभार बंद पडला नाही, फक्त आपल्या हातातलं होतं तेही गेलं.

१९२५ च्या ऑक्टोबरात अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे, स्वराज्य पक्षाचे आणि कौन्सिलचे अध्यक्ष, यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातलं पद स्वीकारलं. प्रचंड वादळ उठलं. मोतीलाल एका बाजूला, केळकर, जयकर, मुंजे दुसऱ्या बाजूला. प्रतियोगी सहकारितेचा पक्ष त्यातून उभा राहिला. टिळकांनी अमृतसर काँग्रेसच्या वेळी जी भूमिका घेतली होती, मिळतंय ते घ्या आणि उरलेल्यासाठी भांडा, तिच्याकडेच ही मंडळी परत आली असं मला दिसतं.

अवांतर: वऱ्हाड कायद्याने निजामाचा मुलूख, १९०२ पासून इंग्रजांकडे कायम भाडेपट्ट्याने. म्हणून वऱ्हाडातून निवडून आलेल्या सभासदांना कागदोपत्री सरकारने ‘नेमावं’ लागे. लोकांनी मत दिलं तरी ते मत म्हणून धरायला कायदा तयार नव्हता.

सई ठाणे

दोन रुपये पगाराची गोष्ट पहिल्यांदाच कळली. पण मग @वऱ्हाडकर, तुमचं मत काय? बंद पाडायला नको होतं?

वऱ्हाडकर

एकदा दाखवून देणं गरजेचं होतं, असं मला वाटतं. लोकांनी निवडून दिलेलं बहुमत ‘नको’ म्हणतं आणि गव्हर्नर तरीही राज्य करतो, हे नागपूरला साऱ्या देशासमोर आलं. पण दाखवून झाल्यावर पुढे काय करायचं याची तयारी नव्हती. दोन वर्षं शिक्षण, आरोग्य, शेती सगळं साहेबाकडे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं त्यात काही भलं झालं नाही.

शाळामास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलं. म्हणून शिक्षणाचं सांगतो.

गोखल्यांचं विधेयक १३ मतांवर पडलं हे वर आलंच आहे. ते तिथे मेलं नाही. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कौन्सिलात म्युनिसिपालिट्यांना सक्तीचं शिक्षण लागू करता येईल असा कायदा मंजूर करून घेतला. मग परांजपे शिक्षणमंत्री असताना १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. गोखल्यांच्याच संस्थेतला, फर्ग्युसनचा प्राचार्य राहिलेला माणूस गोखल्यांचं राहिलेलं काम मंत्री म्हणून पुढे नेतो, हे मला फार मोठं वाटतं.

या कायद्याने प्राथमिक शाळा सरकारी खात्याकडून स्कूल बोर्डांकडे आल्या आणि सक्तीच्या योजना करायची मुभा मिळाली. पण पैसा? सक्ती लागू केली तर नव्या खर्चाचा वाटा सरकारने उचलायचा होता, आणि तिजोरी राखीव. त्यात केंद्र आणि प्रांतांत उत्पन्नाची वाटणी ठरवणाऱ्या मेस्टन निवाड्याने प्राप्तिकर मध्यवर्ती सरकारकडे गेलेला. मुंबईसारख्या व्यापारी प्रांताला हे फार लागलं. उरलं काय, तर शेतसारा आणि अबकारी. म्हणजे शाळेचा पैसा दारूच्या उत्पन्नातून. दारू कमी करायची तर शाळा बंद, शाळा वाढवायच्या तर दारू चालू. मंत्र्याच्या हातात दिलेली दोन खाती एकमेकांच्या मुळावर आली होती.

त्यात स्कूल बोर्डांत गट पडले, मास्तरांच्या बदल्या निवडणुकीच्या हिशेबाने होऊ लागल्या. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९२९ च्या हार्टोग समितीने याच हस्तांतरावर बोट ठेवलं, आणि १९३८ मध्ये खेर मंत्रिमंडळाने दुरुस्ती करून बरीचशी सूत्रं परत सरकारकडे घेतली. तरीही मी १९२३ च्या कायद्याच्या बाजूचा आहे. गावच्या शाळेचा निर्णय गावच्या माणसांनी घ्यायचा हे तिथे पहिल्यांदा घडलं. चुकत चुकत का होईना.

दप्तरखाना

@शाळामास्तर, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे.

यात एक भर. परांजपे स्वतः या पद्धतीबद्दल काय म्हणाले ते महत्त्वाचं आहे. १९२४ मध्ये सुधारणांच्या चौकशीसाठी मुडीमन समिती नेमली गेली. समितीतल्या बहुमताचं म्हणणं होतं की आहे त्यात डागडुजी करून चालवता येईल. अल्पमताचा वेगळा अहवाल आला, त्यावर सह्या तेजबहादूर सप्रू, शिवस्वामी अय्यर, जिना आणि परांजपे यांच्या. द्विदल पद्धत मुळातच चालण्याजोगी नाही, घटनाच बदला, असं त्यांनी लिहिलं. तीन वर्षं आत बसून, प्रामाणिकपणे काम करून मग काढलेला निष्कर्ष आहे हा. मला तो बहिष्कार घालणाऱ्यांच्या निष्कर्षापेक्षा जड वाटतो.

नायगावकर

बालपण बीडीडी चाळीत गेलं. त्या चाळींचा या विषयाशी थेट संबंध आहे हे पुष्कळांना माहीत नसतं.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर लॉइडने १९२० मध्ये उभं केलेलं खातं. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, बॅकबेमध्ये समुद्र हटवून जमीन काढायची. कर्ज काढलं, कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. नायगाव, वरळी, डिलाइल रोड, शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोल्या ठरल्याच्या निम्म्याही झाल्या नाहीत. बॅकबेचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि भराव टिकेना.

याला तोंड फोडलं ते खुर्शेद नरिमन यांनी. ते कौन्सिलात होते. सभागृहात प्रश्न, बाहेर वर्तमानपत्रात लेख. सरकारला १९२६ मध्ये मिअर्स समिती नेमावी लागली. बॅकबेवरच्या हार्वे नावाच्या इंजिनिअरने नरिमन यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली, ती १९२८ मध्ये फेटाळली गेली, नरिमन निर्दोष सुटले. गव्हर्नरच्या लाडक्या योजनेचे हिशेब चव्हाट्यावर आणणं १९०१ च्या कौन्सिलात कोणाला जमलं असतं? खातं कोणाकडेही असो, प्रश्न विचारायची जागा मिळाली होती आणि एका माणसाने ती पुरेपूर वापरली.

रोहिणी

मला कामगार बायकांबद्दल सांगायचं आहे. १९२८ मध्ये आसवले यांनी मुंबई कौन्सिलात गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता मिळावा म्हणून विधेयक आणलं. सरकारी बाजूचा आणि मालकांचा विरोध होता. डॉ. आंबेडकर तेव्हा नेमलेले सभासद होते. जुलै १९२८ मध्ये ते विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. असा हिंदुस्थानातला हा पहिला कायदा.

परळ-लालबागच्या किती बायकांना त्याचा आधार मिळाला असेल! निवडून आलेल्या एका सभासदाचं विधेयक आणि नेमलेल्या एकाचं भाषण. १९२८ मध्येच बाबासाहेबांनी महार वतनाच्या गुलामगिरीविरुद्धही विधेयक मांडलं. ते पुढे जाऊ शकलं नाही.

सायमन कमिशनसाठी नेमलेल्या मुंबई कौन्सिलच्या समितीतही ते होते. मे १९२९ मध्ये बाकीच्यांपासून वेगळा अहवाल देऊन त्यांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. शेतसाऱ्यावर मत मोजायच्या काळात.

मांडवीकाठ

गोव्याहून. तुमच्याकडे निदान भांडायला कौन्सिल होतं.

आमच्याकडे उलटं झालं. पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी १८२० च्या दशकापासून जात. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले, थोडी स्वायत्तता आली, आशा वाटू लागली. मग सालाझारची हुकूमशाही आणि १९३० चा वसाहत कायदा. होतं तेही काढून घेतलं. त्या जुलैमध्ये लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी इथल्या विधिमंडळात उभं राहून गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क ठामपणे मांडला. त्या सभागृहाच्या हाती त्यापुढे काही नव्हतं.

१८ जून १९४६ ला मडगावात लोहियांची सभा झाली ती स्वराज्यासाठीसुद्धा नव्हे, सभा घ्यायच्या आणि बोलायच्या साध्या हक्कासाठी. तुमच्याकडे तेव्हा दुसऱ्यांदा प्रांतिक मंत्रिमंडळ बसलेलं होतं. मुंबईचं कौन्सिल अपुरं होतं हे पटतं, पण जिथे काहीच नव्हतं तिथून बघितलं की त्याची किंमत कळते. आमच्या लोकांना कायदा करायचा, मंत्र्याला जाब विचारायचा सराव १९६१ नंतरच मिळाला.

आटपाडीकर

संस्थानांचं कोणी बोललं नाही. आटपाडी औंध संस्थानात. १९३८ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सत्ता प्रजेला देत असल्याचं जाहीर केलं, १९३९ मध्ये औंधला स्वराज्याची घटना लागू झाली. त्यांचे चिरंजीव आप्पा पंत आणि पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांनी मेहनत घेतली, सल्ला गांधीजींचा. बहात्तर गावांचं एवढंसं संस्थान. गावची पंचायत, पंचायतीतून तालुका, तालुक्यातून विधिमंडळ. गावचा महसूल गावात खर्च करायची तरतूद.

इंग्रजांच्या सुधारणा वरून खाली झिरपत आल्या, औंधची गावापासून वर गेली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि तो प्रयोग अर्ध्यावर राहिला. इलाख्याच्या कौन्सिलावर जितकं लिहिलं जातं त्याच्या दहाव्या हिश्शानेही औंधवर लिहिलं जात नाही. याचं मनापासून वाईट वाटतं. यावर वेगळा धागा काढावा अशी विनंती.

दप्तरखाना

@आटपाडीकर, तो धागा तुम्हीच काढा, आम्ही सगळे येऊ.

आता १९३५ चा कायदा. १ एप्रिल १९३७ पासून प्रांतांत द्विदल पद्धत गेली, सगळी खाती मंत्र्यांकडे आली. पोलीससुद्धा, @सोलापूरकर. मतदार वाढून देशात लोकसंख्येच्या चौदा टक्क्यांच्या आसपास गेले. मुंबईची विधानसभा १७५ जागांची, काँग्रेसला ८६. गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाही याची खात्री हवी म्हणून काँग्रेस आधी थांबली, तेवढे दिवस साताऱ्याचे धनजीशा कूपर मुख्यमंत्री, म्हणजे तेव्हाच्या भाषेत पंतप्रधान. जुलैत बाळासाहेब खेर आले. लठ्ठे अर्थमंत्री, मुन्शी गृहमंत्री, मोरारजी महसूलमंत्री. बार्डोलीच्या शेतकऱ्यांच्या जप्त जमिनी परत द्यायची सोय केली, शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला, १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबईत दारूबंदी आणली. दारूचं उत्पन्न बुडतंय हे माहीत असूनही आणली, कारण आता तिजोरीची जबाबदारीही त्यांचीच होती. शाळामास्तरांनी सांगितलेली कोंडी फुटली ती इथे.

सोलापूरकर

आणि सव्वादोन वर्षांत संपलं! सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने हिंदुस्थानातल्या एकाही माणसाला न विचारता देश युद्धात असल्याचं जाहीर केलं. मंत्रिमंडळं राजीनामे देऊन बाहेर पडली आणि १९३५ च्या कायद्याच्या कलम ९३ खाली गव्हर्नरचं राज्य सुरू. केंद्रात सत्ता नव्हती म्हणूनच हे झालं. प्रांतात कितीही दिलं तरी युद्ध, सैन्य, परराष्ट्र सगळं त्यांचंच.

तरी या चर्चेनंतर एक कबूल करतो. नरिमन आणि आसवले यांचं काम मला माहीत नव्हतं. ते माहीत असायला हवं, सगळ्यांना. पण माझा मूळ मुद्दा सोडत नाही: १९३९ मध्ये ज्यांनी राजीनामे दिले त्यांच्याकडे मागे जनतेची ताकद होती, ती कौन्सिलात मिळालेली नव्हती.

कोकणवारा

@सोलापूरकर, तुमच्या मुद्द्याला माझा आधार आहेच, महाडच्या वेळीच म्हणालो. पण सत्ता आपल्या माणसांकडे आल्यावरही रस्त्यावर यावं लागलं, हेही धाग्यात नोंदवायला हवं.

१७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी नव्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कोकणात खोत म्हणजे काय हे ज्यांनी भोगलं त्यांनाच कळेल. कूळ पिकवणार आणि खोत नेणार, वर वेठ. १० जानेवारी १९३८ ला कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. कुणबी आणि महार एकत्र चालले. खेर मंत्रिमंडळाने विधेयक पुढे जाऊ दिलं नाही. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ मध्ये.

आमच्या खोताच्या कुळवहिवाटीचे कागद घरात आहेत. कोणाला अभ्यासासाठी बघायचे असतील तर निरोप पाठवा, मी फोटो काढून देतो.

दप्तरखाना

@कोकणवारा, निरोप पाठवलाय. १९३७ च्या आधीच्या पावत्या असतील तर त्या आधी द्या. खोताला किती जायचं आणि त्यातून सरकारला शेतसारा म्हणून किती पोचायचं, हे गावनिहाय लावता येईल.